फेस नाही ते धुणं कसलं?

माझी आत्या चणीनं एवढीशी, की लहानपणी शेजारीपाजारी म्हणायचे, "हिच्या खिशात दगड ठेवा रे, वाऱ्यानं उडेल." वाऱ्यानं ती कधी उडाली नाही. उलट त्या चणीवरच तिनं जन्मभर भाकरी कमावली, आणि मला वाढवलं तेही त्याच भाकरीवर. मी तिच्या भावाची मुलगी. आईबापामागं तिच्या पदरात पडले ती तिथंच राहिले. पुढं वसाहतीतल्या शाळेत शिकवायला लागले, तेव्हापासून ती मला "मास्तरीणबाई" म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला अजून कळलेलं नाही.

आमची वसाहत कोळशावरच्या वीजकेंद्राच्या कुंपणाला लागून. आत्याचे यजमान तिथं कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. ते आजारपणात गेले, आणि केंद्रानं तिला झाडूकामावर घेतलं. ती झाडू मारत होती त्याच सुमाराला तिथं एक प्रसंग घडला, आणि तिचं नशीब पालटलं.

वीजकेंद्रातल्या टाक्यांना, बॉयलरला, घागरीसारख्या मोठमोठ्या भांड्यांना आतून साफ करावं लागतं. आत शिरायला एक गोल भोक असतं, मॅनहोल. तर सफाईच्या टोळीतला एक गडी, ज्याला सगळे जाड्या म्हणत, तो त्या भोकात कमरेवर अडकला. ना आत, ना बाहेर. डोकं आतल्या अंधारात, पाय बाहेर उन्हात. चौघांनी पाय ओढले, ग्रीस चोपडलं, तेव्हा बूच निघावं तसा तो बाहेर आला. "आता आत कोण जाणार?" म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आत्यानं झाडू भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि म्हणाली, "सरका बाजूला. एवढ्याशा भोकाला काय भिता? आमच्या मोरीची खिडकी याहून लहान आहे."

आणि गेली की सुर्रकन आत!

त्या दिवसापासून ती खारूताई झाली. आणि जाड्या झाला तिचा दोरवाला. ती आत असेल तोवर कमरेला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक हातात धरून भोकाशी बसून राहायचं, हे त्याचं काम. "तू आत गेलीस की मला देवाचं नाव आठवतं," तो म्हणायचा. आत्या आतून ओरडायची, "देव राहू दे, दोर धर!"

आत उतरणाऱ्याला एक कार्ड मिळतं. त्यावर फोटो, आणि आत उतरायची परवानगी. आत जाताना ते कार्ड भोकाबाहेरच्या हुकाला अडकवायचं. हुकाला कार्ड आहे म्हणजे माणूस आत आहे. बाहेर आलं की कार्ड काढून गळ्यात. आत्याला या कार्डाचा भारी अभिमान. गळ्यात मंगळसूत्र उरलं नव्हतं, तिथं ते कार्ड आलं, असं ती स्वतःच हसत म्हणायची. रविवारी बाजारातसुद्धा घालून जायची. मी म्हणायची, "आत्या, भाजीवाल्याला काय करायचंय तुझ्या कार्डाचं?" तर म्हणे, "त्याला कळू दे, मी कुठंकुठं आत जाऊन आलेय."

तिची सफाई म्हणजे नुसती सफाई नव्हे, हट्ट होता. त्याला कारण होतं. लग्न होऊन ती वसाहतीत आली तेव्हा केंद्राच्या चिमणीतून काळा धूर यायचा. दोरीवर वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी काढावी तर राखेनं माखलेली. ती पुन्हा धुवायची, पुन्हा वाळत घालायची. पुढं चिमणीला राख धरून ठेवणारी यंत्रं बसली, काळा धूर गेला, चादरी पांढऱ्या राहायला लागल्या. पण आत्याचा हात थांबला नाही. तिच्या हातचं भांडं बघताना माणसानं आपला चेहरा नीट करून घ्यावा, इतकं लख्ख.

आणि मग केंद्रात मनोरा आला.

चिमणीच्या शेजारी उभा राहिलेला तो उंच लोखंडी मनोरा कशासाठी आहे, हे वसाहतीत कुणाला धड सांगता येत नव्हतं. ज्यांना येत होतं ते इंग्रजीत सांगत होते. आत्यानं ते विचारलं मनोऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना. या बाई नव्यानंच आलेल्या, वयानं माझ्याएवढ्या, एकट्या राहायच्या. आत्यानं पहिल्याच आठवड्यात त्यांचा डबा बघितला, "हे काय जेवण म्हणायचं?" म्हणून नाक मुरडलं आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्यांच्या ताटात वाढलं. ते मग रोजचंच झालं.

"काळा धूर तर केव्हाच बंद झाला," आत्या म्हणाली. "मग आता हा मनोरा कशाला, बाई?"

"आत्या, जे दिसत होतं ते बंद झालं. जे दिसत नाही ते अजून चिमणीतून जातंच आहे. कोळसा जळला की होणारा वायू. कार्बन डायऑक्साइड. त्यानं हवा तापत चाललीय."

"न दिसणारी घाण?" आत्यानं विचार केला. "म्हणजे माझ्या जावेचं मन."

बाई इतक्या हसल्या की हातातला घास खाली पडला. मग त्यांनी टेबलावर बोटानं रेघा ओढून सगळं समजावलं. धूर मनोऱ्यात खालून वर चढतो. वरून एक औषधी पाणी ओघळत खाली येतं. वाटेत दोघांची गाठ पडते, आणि ते पाणी धुरातला तेवढाच वायू धरून ठेवतं. मग ते पाणी दुसऱ्या भांड्यात नेऊन तापवायचं, की धरलेला वायू सोडून देतं. तो वायू दाबून नळानं दूर न्यायचा आणि जमिनीच्या पोटात खोल भरून ठेवायचा. मोकळं झालेलं पाणी पुन्हा वर.

"म्हणजे टॅक्सीवाला," आत्या म्हणाली. "इथं पाहुणा घेतो, तिथं उतरवतो, रिकामा परत येतो."

"अगदी तसंच!"

त्या औषधी पाण्याला आत्या काढा म्हणायला लागली आणि बघता बघता सगळं केंद्र काढा म्हणायला लागलं. बाई झाल्या काढेवाल्या बाई. धुराला काढा पाजायचा मनोरा, असं वसाहतीतली पोरंसुद्धा सांगायला लागली. काढ्याची नेमकी कृती बाईंनीच ठरवली होती. त्यावर बऱ्याच जणांच्या नजरा होत्या, आणि सगळ्याच काही मायेच्या नव्हत्या.

मनोऱ्याच्या पोटात पातळ पत्र्याच्या थप्प्या रचायच्या होत्या. पत्रे साधे नव्हेत, चुण्याचुण्यांचे, नऊवारीच्या निऱ्यांसारखे. त्या चुण्यांवरून काढा पातळ होऊन पसरतो आणि धुराला चांगला भेटतो. पत्रे कारखान्यातून आले ते तेलकट. ते धुऊन रचायचं काम आत्याच्या टोळीकडं आलं. बाईंनी भोकाशेजारच्या फळ्यावर लिहून ठेवलं : फक्त सोड्याचं गरम पाणी. दुसरं काहीही नको.

आत्यानं सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवलं, एक पत्रा घासला, उन्हात धरला. तेलाची सप्तरंगी छटा तिला तरी अजून दिसत होती.

"फेस नाही ते धुणं कसलं?" ती जाड्याला म्हणाली.

"फळ्यावर लिहिलंय ना, दुसरं काही नको."

"अरे, दुसरं काही नको म्हणजे घाण काही नको, असं लिहिलंय. धुण्याची पावडर म्हणजे का घाण? बाई बिचारी पोरसवदा. तिला काय ठाऊक, सोड्यानं जीव निघतो, तेल निघत नाही. ती एवढी खपून काढा करतेय, तो काय तेलकट भांड्यात ओतायचा?"

दुसऱ्या दिवशी तिनं घरून कपडे धुण्याची पावडर नेली. बादल्यांतून पांढराशुभ्र फेस आत गेला. बादली देणारा जाड्या, घेणारी आत्या. वरची शेवटची थप्पी तिनं स्वतः आत उतरून घासली, आणि मग फेस दिसेनासा होईपर्यंत पाणी मारलं. संध्याकाळी घरी आली ती बोटांची सालं गेलेली, पण चेहरा असा की लेकीला न्हाऊमाखू घालून सासरी धाडलीय. "मास्तरीणबाई, आज बाईच्या मनोऱ्यात जेवायला बसावं इतकं लख्ख केलंय!"

मनोरा सुरू झाला आणि घोटाळा झाला.

धूर खालून शिरला, काढा वरून आला, आणि दोघांची गाठ पडताच आत फेस चढायला लागला. दूध उतू जावं तसा. फेसानं धुराची वाट अडली, काढा खाली यायचं सोडून वर ढकलला जाऊन बाहेर पडायला लागला, आणि यंत्रणा आपोआप बंद पडली. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. फेस मारणारं औषध घातलं की जरा वेळ शांत, मग परत उतू. मनोऱ्याच्या अंगाला जाड काचेची छोटी खिडकी आहे. येणारा जाणारा तिच्यातून बघायचा आणि मान हलवायचा. "काढा बिघडला," असं एकानं म्हटलं, मग सगळ्यांनीच.

बाई दिवसभर नळकांड्या घेऊन तपासत होत्या. पिंपातून आणलेला नवा काढा शहाण्यासारखा वागायचा, मनोऱ्यातून काढलेला फेसाळायचा. त्यांना कारण सापडेना. इकडं बाहेरून समिती यायची तारीख ठरलेली. समितीसमोर मनोरा चालला नाही तर हा प्रयोगच गुंडाळायचा, असं वरून आलेलं. मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं की तुमची कृती बाजूला ठेवून दुसरीकडून तयार काढा मागवतोय, तुम्ही या आठवडाअखेर कामातून मोकळ्या व्हा.

शुक्रवारी संध्याकाळी बाई आमच्या घरी आत्याचा डबा परत द्यायला आल्या. सोबत निरोपाचं म्हणून एक रोपटं आणलं होतं. आत्या ओट्याशी भांडी घासत होती. तिनं ओल्या हातांनीच बाईंना बसवलं, चहा ठेवला आणि त्यांची समजूत काढायला लागली. समजूत काढायची तिची रीत म्हणजे आधी समोरच्याला दोन फटके द्यायचे.

"हे बघ बाई, काढा बिघडतो. माझी खीरसुद्धा बिघडते. त्यात रडायचं काय? पण एक सांगते, कुणी जर म्हणालं की मनोराच घाण होता, तर त्याला माझ्याकडं पाठव. घाण? माझ्या हातचं? अगं, तुमच्या त्या सोड्यानं पत्र्यांना काही होत नव्हतं. मी घरची पावडर नेली, दोनदा फेस काढला, तेव्हा कुठं लख्ख झाले!"

बाईंचा कप ओठांशी पोचला होता, तो तिथंच राहिला.

मी समोर बसले होते. मला काही कळलं नाही, पण काहीतरी पडून फुटल्यासारखं वाटलं. बाईंनी कप हळूच खाली ठेवला. आत्याकडं बघितलं. तिच्या सालं गेलेल्या बोटांकडं बघितलं. त्या क्षणी त्यांनी दरवाज्यातून बाहेर पडून साहेबांकडं जायचाच अवकाश होता. नोकरी वाचली असती, नाव वाचलं असतं. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "आत्या, उद्या सकाळी जरा लॅबमध्ये याल? येताना ती पावडर चिमूटभर आणा. मी अजून कुणाला काही सांगणार नाही."

"कशाला गं?"

"या तर. तुम्ही बघा. मग तुम्हीच ठरवा काय ते."

सकाळी आत्या गेली. शनिवार, शाळा अर्ध्या दिवसाची, मी रजा टाकून सोबत गेले. बाईंनी काचेच्या दोन उभ्या नळ्यांत ताजा काढा घेतला, स्वच्छ, फिकट. दोन्हीत खालून हवा सोडली. दोन्हीकडं बुडबुडे आले आणि हवा थांबवताच लगेच विझले. मग त्यांनी आत्याला सांगितलं, "तुमच्या हातानं, एकीत. अगदी कणभर." आत्यानं दोन बोटांत मिठाएवढी पावडर घेऊन टाकली. पुन्हा हवा सोडली. एका नळीतले बुडबुडे विझले. दुसरीतला फेस चढत गेला, नळीच्या तोंडाशी आला, हवा थांबवली तरी तसाच उभा राहिला. पांढराशुभ्र.

आत्या बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. वाट बघत होती तो विझायची. तो विझेना.

"एवढ्याशा कणानं?" ती म्हणाली.

"एवढ्याशा कणानं. चुण्यांमध्ये राहून गेला असेल, आत्या. पाणी मारून डोळ्याला दिसेनासा होतो, पण जात नाही."

"हा माझाच फेस आहे." आत्यानं पदरानं बोटं पुसली, पुन्हा पुसली. "तुला काल कळलं होतं."

"हो."

"मग काल का नाही गेलीस साहेबाकडं? बाई, तू शिकलेली आहेस की येडी?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हसल्या. "तुमच्या डब्यातलं रोज अर्धं जेवलेय मी. आणि चूक माझीही आहे. दुसरं काही नको, एवढंच लिहिलं. का नको, ते लिहायला मला कुठं सुचलं?"

आत्या उठली. मला वाटलं घरी जाईल. ती सरळ मोठ्या साहेबांच्या खोलीकडं निघाली. वाटेत जाड्या भेटला. सगळं ऐकून त्याचा चेहरा पडला. आत्या म्हणाली, "तू नको येऊस, तुझं नाव मी घेणार नाही."

"बादली काय भुतानं आत दिली?" जाड्या म्हणाला आणि मागोमाग आला.

मी खोलीबाहेर उभी राहिले. दार उघडंच होतं. आत्यानं आधी गळ्यातलं कार्ड काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. मग सगळं सांगितलं, पावडरीपासून नळीपर्यंत. जाड्यानं बादलीपुरतं सांगितलं. साहेब तापले. त्यांचा आवाज पार फाटकापर्यंत गेला असेल. समितीची तारीख, वाया गेलेला काढा, बाहेरून बोलावलेली माणसं, सगळं त्यांनी आत्याच्या डोक्यावर मोजून घातलं. ती एवढीशी बाई, टेबलाच्या काठावर कशीबशी दिसणारी, खाली मान घालून सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "साहेब, ओरडा. ओरडायलाच पाहिजे. पण ओरडून झालं की त्या पोरीला सांगा, तू राहा म्हणून. तिचा काढा चांगला आहे. मी बघून आलेय."

साहेबांनी बाईंना राहायला सांगितलं. कार्ड मात्र खणात टाकलं आणि खण बंद केला.

मनोरा रिकामा केला. गरम पाण्यानं भरला, सोडला, पुन्हा भरला, पुन्हा सोडला. बाई दर वेळी खालून पाण्याचा नमुना घ्यायच्या, नळीत हवा सोडायच्या, फेस विझतो का बघायच्या. आत्या त्या दिवसांत झाडूवर होती. मनोऱ्याकडं पाठ करून झाडायची. घरी कपडे धुवायला बसली की पावडरीचा डबा बघून उसासे टाकायची. रिकामा गळा चाचपायची सवय तिला तेव्हा लागली.

शेवटी नमुना नितळ आला. पण आत उतरून, सगळ्यात वरच्या थप्पीच्या चुण्यांना हात लावून, कुठं बुळबुळीतपणा राहिलाय का हे बघायला माणूस हवा होता. थप्पी आणि छत यांच्यात जागा अशी, की टोळीतला एकही गडी मावेना. जाड्याकडं तर कुणी बघितलंसुद्धा नाही.

साहेब स्वतः झाडायच्या जागी आले. हातात कार्ड.

"खारूताई," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं. मग म्हणाले, "आत एवढी जागा आहे."

"मला मोजमाप नका सांगू, साहेब. मीच रचलेत पत्रे."

"फक्त हात लावून बघायचं. धुवायचं काही नाही."

"नाही धुवत बाबा," आत्या म्हणाली. तिनं कार्ड घेतलं, कपाळाला लावलं, आणि मनोऱ्याकडं अशी चालायला लागली की साहेब मागं पडले.

कार्ड हुकाला लागलं. जाड्यानं दोर धरला. भोकाशेजारचा फळा नवा रंगवला होता : फक्त सोड्याचं गरम पाणी. साबण, पावडर नको, कारण त्याचा कण राहिला तरी फेस होतो आणि फेस धुराची वाट अडवतो. आत्यानं तो मोठ्यानं वाचला, बाईंकडं बघून मान डोलावली आणि आत शिरली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "कोरडं ठणठणीत! बोट सरकत नाही!"

समिती आली तेव्हा मनोरा चालू होता, आणि बघण्यासारखं तिथं काहीही नव्हतं. ते पाहुणे चिमणीकडं बघत होते, मनोऱ्याकडं बघत होते. ना आवाज, ना धूर, ना रंग. बाईंनी आत्याला काचेच्या खिडकीशी नेलं. आत काढा पत्र्यांवरून शांतपणे ओघळत होता, न्हालेल्या बाळाच्या पाठीवरून पाणी उतरावं तसा. फेस नव्हता.

"काहीच दिसत नाही की गं," आत्या म्हणाली.

"तेच तर बघायचंय, आत्या."

आत्या तिथून हलेना. मग हळूच बाईंचा हात धरून म्हणाली, "तू मला वाचवलंस."

"तुम्ही मला वाचवलंत."

"बरं बरं, फिटंफाट. डब्यात आज भाजी जास्त आहे, जेवायला ये."

फिटंफाट कुठली! आत्या पुढं कित्येक वर्षं म्हणायची, देवानं मला उंची दिली नाही, पण माणसं दिली. आणि मग बोटांवर माणसं घ्यायची : नोकरी जात असताना माझं नाव साहेबाला न सांगणारी बाई, बादलीचा वाटा मागणारा जाड्या, खणातून कार्ड काढून चालत आलेले साहेब. शेवटी माझ्याकडं बघून म्हणायची, "आणि ही मास्तरीण, हिनं काही केलं नाही, पण उभी होती दाराशी." मला वाटतं, माझ्यावर तिचे जे उपकार आहेत ते मी कसे मोजू? तिच्याइतकी बोटं मला नाहीत.

आता आत्या कामातून मोकळी झालीय. निवृत्तीच्या दिवशी कार्ड जमा करायचा नियम होता, तो साहेबांना नेमका त्या दिवशी आठवला नाही. घरी आणून तिनं ते न्हाणीघराबाहेरच्या खिळ्याला लावलं. आत गेली की कार्ड खिळ्याला, बाहेर आली की गळ्यात.

परवा काढेवाल्या बाई आल्या होत्या. आता त्याच मनोऱ्याच्या प्रमुख आहेत, केसांत पांढरं दिसायला लागलंय. दारातून आत आल्या, खिळ्याकडं बघितलं आणि आवाज दिला, "आत आहात का, खारूताई?"

"आहे गं!" आतून उत्तर आलं. "बस जरा. चादर तीनदा खळबळली, अजून फेस दिसतोय मेला!"

बाईंनी खुर्ची न्हाणीघराच्या दाराशी ओढली आणि कार्डाखाली बसून राहिल्या.